फायरप्लेसची काच दर थंडीत का तडकते, का काळी पडते? दार निवडण्याआधी आणि बदलण्याआधी काय तपासायचं

दिवाळी सरली, शेतातली गव्हा-हरभऱ्याची गडबड उरकली की म्हैसमाळ, खुलताबाद, दौलताबाद या बाजूच्या फार्महाउसवरून फोन यायला लागतात. तक्रारी ठरलेल्या असतात. काच तडकली. काच इतकी काळी पडली की आतली आग दिसत नाही. दार बसवल्यापासून ऊबच लागत नाही. दार लावलं की धूर घरात. यातल्या बऱ्याच लोकांनी गेल्या थंडीतच काच बदललेली असते आणि यंदा पुन्हा तीच गत. मी काच आणि लोखंडाचं फॅब्रिकेशन करतो. अशी दारं काढायला, दुरुस्त करायला आणि नवी बसवायला जातो, म्हणून जे हाती लागलं ते एका जागी लिहून ठेवतोय.

मराठवाड्यात फायरप्लेस कशाला, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांनी जानेवारीतली एक पहाट परभणीत काढावी. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. पण ही थंडी जेमतेम दोन महिन्यांची. उरलेले दहा महिने फायरप्लेस बंद, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ याच बंद काळात असतं. डँपरला, म्हणजे धुराडं उघडबंद करणाऱ्या झडपेला, गंज चढतो, धुराड्यात कबुतरं-साळुंक्या घरटी करतात, पावसाचं पाणी उतरून विटांचा सांधा भुसभुशीत होतो. डिसेंबरात पहिली आग पेटते तेव्हा धूर वर जात नाही आणि सगळा दोष नव्या दाराला मिळतो. म्हणून दाराला हात लावण्याआधी धुराडं साफ करून घ्या आणि खालून टॉर्च मारून वर उजेड दिसतो का ते पाहा.

आता मूळ मुद्दा. काच निवडताना लोक जाडी विचारतात, टिंट विचारतात, हँडल पितळी हवं की काळं ते विचारतात. मी आधी एकच गोष्ट विचारतो: आग भडकलेली असताना तुम्ही दार बंद ठेवणार आहात की उघडं? काचेचा प्रकार, चौकट, किंमत, सगळं याच उत्तरावर ठरतं. दर वर्षी काच जाते त्या घरांत बहुतेक वेळा उघड्या दाराची काच बंद दारासाठी वापरलेली असते.

फुटलेले तुकडे फेकू नका

फोन आला की मी पहिल्यांदा सांगतो, तुकडे झाडून उकिरड्यावर टाकू नका, पोत्यात भरून ठेवा. काच का फुटली हे तुकड्यांवरून बरंच कळतं.

लांब, टोकदार, सुरीसारखे तुकडे निघाले तर ती साधी काच होती, खिडकीला लावतात तीच. ती फायरप्लेसला लावणाऱ्याने तुमच्या जिवाशी खेळ केला आहे, एवढंच म्हणेन. साध्या काचेच्या दोन भागांत चाळीस-एक अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते. जाड पेल्यात उकळता चहा ओतला की पेला जातो तो याच कारणाने: आतला थर फुगतो, बाहेरचा अजून गार असतो.

खडीसाखरेएवढे बोथट दाणे निघाले तर ती टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच. दोन-चार मोठे तुकडे निघाले आणि काचेला कडेने पाहिल्यावर हलकी पिवळसर झाक दिसली तर बहुधा सिरॅमिक काच.

साध्या आणि सिरॅमिक काचेत चीर कुठून निघाली तेही बघा. चीर कडेला काटकोनात सुरू होऊन मग नागमोडी आत गेली असेल तर उष्णतेचा ताण. स्क्रूच्या किंवा पकडपट्टीच्या बरोबर खालून निघाली असेल तर काच आवळून बसवली होती. मध्येच एका बिंदूतून चहूकडे फाटे फुटले असतील तर ओंडका आपटलाय किंवा कोणाचा तरी हात लागलाय. टफन काचेत हे वाचणं अवघड, कारण तिचे क्षणात दाणे होतात.

कधी कधी टफन काच आग नसताना, मध्यरात्री, आपोआप फुटते. लोक घाबरतात, घरात नाही नाही ते बोललं जातं. काच बनताना निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहून गेला तर तो वर्षा-दोन वर्षांनीही हळूहळू फुगतो आणि आतून ताण देऊन काच फोडतो. कारखान्यात काच काही तास गरम ठेवून अशा दोषी काचा आधीच फोडून वेगळ्या काढतात. त्याला हीट सोक म्हणतात. ऑर्डर देताना ती मागून घेता येते.

काच कोणती: टफन की सिरॅमिक

टफन काच म्हणजे साधीच काच, सुमारे ६२० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकदम गार केलेली. त्यामुळे बाहेरचे दोन्ही थर दाबाखाली राहतात आणि मधला भाग ताणाखाली. ती साध्या काचेपेक्षा कैक पट दणकट असते आणि दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. पण सतत अडीचशे अंशांच्या वर तापत राहिली तर तिचा हा कडकपणा हळूहळू उतरतो. बंद दारामागे बाभळीचे दोन ओंडके नीट पेटले की काच सहज तीनशेच्या पुढे जाते. पहिल्या थंडीत काही होत नाही. दुसऱ्या थंडीत, एखाद्या साध्याच संध्याकाळी, काच फुटते. मग घरमालक म्हणतो, "काल तर आग लहानच होती हो." खरंय, लहानच होती. काच आधीच कमजोर झालेली होती.

म्हणून टफन काचेचा नियम सरळ आहे. आग जोरात असताना दारं पूर्ण उघडी, पुढे ठिणग्यांसाठी तारेची जाळी. आग ओसरली, निखारे उरले की दारं बंद. या दाराचा खरा उपयोग रात्री झोपायच्या वेळी होतो. विझत्या आगीमागे उघडं धुराडं रात्रभर घरातली गरम हवा ओढत राहतं आणि दार ती गळती कमी करतं. डँपर मात्र निखारे पुरते विझेपर्यंत उघडाच ठेवायचा.

सिरॅमिक काचेची गोष्ट वेगळी. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत १९५३ साली डोनाल्ड स्टुकी एक काच तापवत होते. भट्टी ६०० अंशांवर ठेवायची होती, ती ९०० पर्यंत गेली. आत वितळलेला गोळा मिळेल असं त्यांना वाटलं होतं, मिळाली पांढरट तबकडी. चिमट्यातून ती खाली पडली आणि फुटली नाही. त्यातून हा सगळा वर्ग निघाला. ही काच तापली तरी जवळपास फुगतच नाही, त्यामुळे एक बाजू लाल आणि दुसरी गार असली तरी तिच्यात ताण येत नाही. सातशे अंशांच्या आसपास ती आरामात काम करते. इंडक्शन शेगडीचा वरचा काळा पाट याच जातीचा. बाजारात जर्मनीच्या शॉट कंपनीची रोबॅक्स आणि जपानच्या निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लासची निओसेरॅम ही नावं कानावर येतील. चार किंवा पाच मिलिमीटर जाडी फायरप्लेसला पुरते. जाड काच म्हणजे जास्त टिकाऊ, हा समज इथे सोडून द्या.

सिरॅमिकचा आणखी एक फायदा दुकानदार सांगत नाहीत. आगीची ऊब आपल्याला मुख्यतः अवरक्त किरणांनी लागते आणि टफन काच त्यातला मोठा भाग अडवते. सिरॅमिक त्यापैकी बराच भाग बाहेर येऊ देते. "दार बसवल्यापासून खोली गारच" ही तक्रार जवळजवळ कायम टफन दार बंद ठेवून शेकणाऱ्यांची असते. तिथे दुरुस्ती काही नाही. दार उघडा, नाहीतर सिरॅमिक घ्या.

तोटा किमतीचा. टफनच्या कैक पट पैसे मोजावे लागतात, आणि ती आघाताला टफनइतकी दणकट नसते. घरात लहान पोरं असतील, चेंडू उडत असेल तर पुढे जाळी किंवा कठडा लागतोच. काच कोणतीही असो, ती तापलेली असताना हात भाजतो. नातवंडं सुट्टीत येतात तेव्हा याचा विचार करा.

मधला पर्याय म्हणून काही दुकानं बोरोसिलिकेट दाखवतात, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच. साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी ती फुगते आणि चारशे-साडेचारशेपर्यंत निभावते. मला स्वतःला बंद दारासाठी ती पटत नाही. भडक्याला तापमान कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

दुकानात फसवणूक कशी ओळखायची? टफन काच एकदा कडक केली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. सगळं माप आणि भोकं आधी, कडक करणं नंतर. तेव्हा कोणी म्हणालं, "काका, बसा पाच मिनिटं, आत्ता कापून देतो," तर ती टफन नाही. चांगल्या टफन काचेच्या कोपऱ्यात बारीक कोरलेली खूण असते. भारतीय मानक आयएस २५५३ आहे, त्याची विचारणा करा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून उन्हात काच तिरकी धरा, टफन काचेत फिकट पट्टे किंवा ठिपके दिसतात.

काच चांगली, तरी तडकते: चौकट बघा

दौलताबादच्या बाजूला एका घरी सिरॅमिक काच सलग दोन थंड्यांत गेली होती. घरधनी निवृत्त मास्तर, अत्यंत काटेकोर माणूस. बिल, काचेची खूण, सगळं खरं. चौकट काढायला गेलो तर निघेना. गवंड्याने चौकट आणि काळ्या पाषाणाच्या मध्ये सिमेंट ठासून भरलं होतं, कुठे फट दिसू नये म्हणून. छिन्नीने सिमेंट फोडून चौकट बाहेर काढली आणि जमिनीवर आडवी ठेवली, तर ती पानासारखी वळलेली. एक कोपरा बोटभर वर. पकडपट्टीचे स्क्रू इतके आवळलेले की खालची पट्टी काचेवर रुतल्याची खूण उमटली होती. दोन्ही चिरा त्याच खुणेपासून निघाल्या होत्या.

हिशेब करून बघा. नव्वद सेंटिमीटर रुंद लोखंडी चौकट ३०० अंशांनी तापली तर सव्वातीन मिलिमीटर वाढते. ॲल्युमिनियमची असेल तर सहा मिलिमीटरच्या वर. दगड जागा देत नाही, मग चौकट वाकते, आणि वाकताना काचेला पिळते. टफन काच असेल तर दुसरीही अडचण येते. काच आगीसमोर असल्याने चौकटीच्या आधी तापते आणि स्वतःच अडीच मिलिमीटरपर्यंत वाढते. तिला जागा नसेल तर कड चेपली जाते.

म्हणून काच आणि चौकटीची खाच यांच्यात चहूबाजूंनी तीन मिलिमीटर मोकळं सोडा. चौकट आणि दगड यांच्यात सहा ते दहा मिलिमीटर. ती फट सिमेंटने भरायची नाही, त्यात सिरॅमिक वूल किंवा रॉकवूल भरायचं. चौकट लोखंडाची, किमान तीन मिलिमीटर जाडीच्या अँगलची. ॲल्युमिनियमचं सेक्शन खिडकीला ठीक. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या खूप आधीच मऊ पडतं. काच आणि लोखंड यांच्यात फायबरग्लासची पट्टी, म्हणजे गास्केट, हवी. खिडकीचं पांढरं सिलिकॉन दोनशेच्या आसपास जळून वास मारतं आणि खडूसारखं सुटून पडतं. जुन्या भट्टीच्या सामानाच्या दुकानात कोणी ॲस्बेस्टॉसची दोरी देऊ केली तर स्वस्त म्हणूनही घेऊ नका. तिचे तंतू फुप्फुसात बसतात आणि निघत नाहीत.

स्क्रू कसा आवळायचा हे मी पोरांना हाताने करून दाखवतो, कारण सांगून कळत नाही. बोटांनी फिरेल तितका फिरवा, मग पान्याने पाव फेरा. बस. काच बोटाने दाबली तर गास्केटवर किंचित दबली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घ्यायचे, एका बाजूने ओळीने घेत गेलं की काच तिरकी बसते. पहिल्या चार-सहा आगींनंतर, सगळं गार असताना, पुन्हा एकदा हात फिरवून बघा. गास्केट दबून काही स्क्रू सैल पडतात.

मास्तरांच्या घरी नवी काच लावण्याआधी फक्त ही चौकट सरळ केली आणि सिमेंट काढलं. काच त्याच जाडीची, त्याच जातीची. टिकली आहे.

काच काळी पडते

इथे दार बदलून काही साधत नाही. काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. कारणं दोन: ओलं सरपण किंवा अपुरी हवा.

जळाऊ लाकडात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. नुकत्याच तोडलेल्या लाकडात ती त्याच्या दुपटीहून जास्त असू शकते. अशा लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी उकळवण्यात जाते, धूर गार राहतो आणि काचेवर, धुराड्यात डांबरासारखा थर चढवतो. त्याला क्रिओसोट म्हणतात आणि तो पेटू शकतो. काचेवर तपकिरी, चकचकीत, चिकट थर दिसला तर धुराड्यातही तोच आहे असं समजा आणि पुढची आग पेटवण्याआधी धुराडं घासून घ्या.

आपल्याकडे खरं तर याचा त्रास व्हायलाच नको. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशीच्या पुढचा, आणि तो लाकडं वाळवायला फुकटात मिळतो. बाभूळ, कडुनिंब, चिंच, जे काही असेल ते माघ-फाल्गुनात तोडून लगेच फोडून घ्या. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो. फोडलेल्या ढलप्या दोन विटांवर, मध्ये वारा खेळेल अशा रचा. मिरगाआधी वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. डिसेंबरात दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड खणकन वाजतं, ओलं ठप्प आवाज देतं. लोक करतात उलट: गारठा पडला की वखारीत जातात आणि मिळेल ते आणतात.

पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात ढिगाने पडलेल्या असतात, म्हणून त्यांवरच फायरप्लेस चालवणारेही आहेत. पेटवण म्हणून मूठभर ठीक. पण त्या भसकन पेटतात, मिनिटभर ज्वाळा थेट काचेवर येते आणि मग विझतात. टफन काचेला हा झटका वाईट. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक, थर्माकोल कधीही टाकू नका. त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा काचेवर कायमचा धुरकट डाग पाडतात, आणि तुमच्या नाकातही जातात.

काजळी कुठे आहे ते बघा. सगळी काच सारखी काळी असेल तर ओल किंवा हवा. एकाच कोपऱ्यात असेल तर तिथलं गास्केट गेलंय किंवा ओंडका काचेला खेटतोय. ओंडका काचेपासून वीतभर आत हवा. दाराखालच्या हवेच्या झडपा बंद करून आग "मंद" ठेवायची सवय अनेकांना असते, लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून. लाकूड पुरतं, काच काळी होते. लहान पण जोरकस आग ठेवा.

साफ करायला महागडी बाटली लागत नाही. काच पूर्ण गार झाल्यावर ओल्या वर्तमानपत्राचा बोळा त्याच फायरप्लेसच्या वस्त्रगाळ राखेत बुडवून गोल गोल घासा. राख अल्कधर्मी असते, काजळी सुटते. राख चाळलेली नसेल तर त्यातला खडा काचेवर ओरखडा काढतो, आणि तो ओरखडा पुढच्या चिरेचं तोंड होतो. तारेची घासणी नको. तापलेल्या काचेवर ओलं फडकं तर अजिबात नको.

बोअरच्या पाण्याने पुसणाऱ्यांची वेगळी तक्रार येते: काच पांढरी पडली, काही केल्या जात नाही. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. काचेवर वाळलेला थेंब पुढच्या आगीत भाजून निघतो. गार काचेवर व्हिनेगर किंवा लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा. डाग निघाला तर क्षार होते. नाही निघाला तर काच आम्लाने खाल्ली आहे, ती घासून परत येणार नाही. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने मारायची सवय ठेवा.

धूर घरात येतो

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीचा धूर जायला छतालाच भोक असायचं आणि धूर आपली वाट काढायचा. फायरप्लेसचं तसं नाही. तोंड किती मोठं आणि धुराडं किती मोठं याचं प्रमाण ठरलेलं असतं. धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण एक दशांश हवं. तोंड ९० बाय ७० सेंटिमीटर असेल तर धुराडं आतून २५ बाय २५ तरी पाहिजे. मी पाहिलेल्या घरांत सगळ्यात जास्त चुकलेली गोष्ट हीच. इंटरनेटवरचा फोटो दाखवून तोंड ऐसपैस बांधून घेतात आणि वर सहा इंची पाइप.

दार घेण्याआधी याची परीक्षा करा. लहान आग पेटवा, जाड हातमोजे घाला आणि तोंडाच्या वरच्या कडेला एक लोखंडी पत्रा आडवा धरून हळूहळू खाली आणा. ज्या उंचीला धूर बाहेर यायचा थांबतो तिथे खडूने खूण करा. दहा-पंधरा सेंटिमीटरांत धूर थांबला तर तेवढी पट्टी दाराच्या चौकटीतच वर घेता येते आणि प्रश्न मिटतो. पत्रा निम्म्यावर आणावा लागला तर दुखणं धुराड्यात आहे. त्यावर दार लावणं म्हणजे धूर झाकणं, आणि दार उघडताच तो अंगावर येतो.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. स्वयंपाकघरातली चिमणी बंद करा. हल्लीच्या इलेक्ट्रिक चिमण्या तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा बाहेर फेकतात. खिडक्या बंद असतील तर ती हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि फायरप्लेसचं धुराडं हा तिचा सोपा रस्ता. चिमणी बंद करून किंवा एक खिडकी दोन बोटं उघडून धूर थांबला, तर दाराला, काचेला, गवंड्याला कोणालाच दोष नाही.

गच्चीवर जाऊन धुराड्याचं तोंडही बघा. ते गच्चीपासून किमान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या परिसरातल्या कुठल्याही उंच वस्तूच्या दोन फूट वर असावं. आपल्याकडे ती उंच वस्तू म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली. घर झाल्यानंतर टाकी वाढवली आणि तेव्हापासून धूर यायला लागला, असं बऱ्याचदा निघतं. पहाटे धुराडं थंडगार असताना आत जड हवा साचलेली असते. तेव्हा आधी पेटत्या कागदाची सुरळी डँपरखाली धरून धुराडं गरम करा, मग लाकूड पेटवा.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. काचेचं दार हवाबंद नसतं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. "दार लावलंय ना" म्हणून डँपर बंद करून, खिडक्या लावून झोपू नका. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर थंडीत येतात, आणि डँपर बंद केलेला फायरप्लेस त्याहून वेगळा नाही. त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. काचेच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

माप आणि ऑर्डर

तोंडाची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. दोन्ही कर्ण मोजा. हाताने घडवलेल्या पाषाणात दोन कर्णांत बोटभर फरक सहज निघतो. चौकट तोंडाच्या आत बसवायची असेल तर सगळ्यांत लहान माप धरा. बाहेरून झाकणारी चौकट घ्यायची असेल तर सगळ्यांत मोठं माप धरून चारही बाजूंनी अडीच-तीन सेंटिमीटर वाढवा. समोरचा दगड ओबडधोबड असेल तर बाहेरची चौकट टेकत नाही, मागून हवा आणि धूर खेळतो. तिथे आतलीच बरी.

दोन पाखांचं कपाटासारखं दार की घडीचं? घडीचं उघडल्यावर पूर्ण तोंड मोकळं मिळतं, म्हणून टफनवाल्यांना ते सोयीचं. पण त्याच्या खालच्या रुळात राख जाऊन ते अडकतं, दर आठवड्याला ब्रश मारावा लागतो. सिरॅमिक लावून दार बंदच ठेवणार असाल तर दोन पाखांचं घ्या, बिजागऱ्या जाड घ्या आणि मध्ये गास्केट नीट मिळतं का ते दुकानातच कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. पट्टी सहज निसटली तर सील ढिलं आहे.

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांसाठी वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडे जड दगडी बांधकामाला लोक बिचकतात, आणि ते बरोबरच आहे. उंच दगडी धुराडं बांधण्यापेक्षा पोलादी तयार फायरप्लेस किंवा लाकूड जाळायचा बंद स्टोव्ह तिथे शहाणपणाचा. पण त्याला बाहेरून करून घेतलेलं दार लावू नका. अशा तयार पेट्यांच्या भिंतींतून थंड हवा खेळवलेली असते आणि परकं दार ती वाट बंद करतं. मग पेटीच्या मागचं लाकूडकाम तापतं. त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलंच दार वापरा, नसेल मिळत तर फक्त जाळीवर भागवा.

बिलावर "ग्लास डोअर, एक नग" असं लिहून घेऊ नका. काचेचा प्रकार, जाडी, कंपनीची खूण, टफन असेल तर हीट सोक केली की नाही, आणि दार बंद ठेवून आग चालवता येईल की नाही, हे शब्दांत लिहून मागा. शेवटचं वाक्य लिहायला दुकानदार कचरला तर ती काच बंद दाराची नाही, हे तुम्हाला पैसे देण्याआधीच कळेल. काच बदलायचीच असेल तर गेल्या वेळचे तुकडे बरोबर न्या, आणि माप तुटक्या काचेवरून न देता चौकटीच्या खाचेवरून द्या.